दातारबाईंच्या चार साड्या

स्टाफरूममध्ये किस्से शोधावे लागत नाहीत. पहिल्या तासाला काही घडलं की मधल्या सुट्टीत त्याला तिखटमीठ लागतं, आणि शाळा सुटेपर्यंत ते नंदुरबारभर झालेलं असतं! मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या आम्ही सगळ्या आता रिटायर झालो. पण जमलो की दातारबाई निघतातच, आणि त्यांचे किस्से सांगायचे मीच. कारण तेव्हा सगळ्यात जास्त जळत होते मी! हो, जळत होते, त्यात लाजायचं काय? त्या येईपर्यंत साड्यांत माझा नंबर पहिला होता. कपाटाचं दार गुडघ्याने रेटल्याशिवाय लागायचं नाही.

* * *

दातारबाई पुण्याहून आल्या, साठ-एकसष्टच्या सुमारास. त्यांची ट्रंक आमच्या शिपाईणीने, सखूबाईने, एका हाताने उचलली आणि विचारलं, "बाई, बाकीनं सामान कोठे शे?"

"एवढंच आहे."

एवढंच म्हणजे चार साड्या आणि तीन ब्लाऊज! एक विटकरी, एक बदामी, एक निळी आणि एक काळ्या काठाची पांढरी. सगळ्या सुती. आणि कुठलाही ब्लाऊज कुठल्याही साडीवर चालणार. "इथलं ऊन, इथली धूळ आणि शाळा, तिघांना पुरतील अशाच आणल्यात," म्हणाल्या.

मी सुशीलाच्या कानात म्हटलं, "बिचारी!"

पंधरा दिवसांत बिचारी कोण ते कळलं. बाई रोज नव्याच दिसायच्या.

* * *

सुशीला गणित शिकवायची, माझी जिवलग. दोघींनी ठरवलं, या बाईला पकडायचंच.

"हीच सोमवारची!"

"छे गं, सोमवारी ब्लाऊज काळा होता."

"मग काय झालं? साडी तीच ना?"

"पण दिसत नाही ना ती तीच!"

तेवढ्यात हेडबाई आत आल्या. "कसली एवढी चर्चा?"

"सहामाहीच्या पेपरची," सुशीला म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ही सुशीला स्वतःच पांढरा ब्लाऊज घालून हजर! "कशावरही जातो गं," म्हणे. फितूर मेली!

* * *

दिवाळीनंतर आमच्याकडे मिरची वाळत पडते. गावाबाहेर मैदानंच्या मैदानं लालभडक. वारा फिरला की अख्खा वर्ग एकदम शिंकतो. मी जन्माने नंदुरबारची. मिरचीच्या दिवसांत पदरावर तिखट धूळ बसते, त्याने तोंड पुसायचं नाही, हे मला बोलता यायच्या आधी आईने शिकवलेलं. पण त्या दिवशी दातारबाई व्हरांड्यातून गेल्या. विटकरी साडी, धूळ बसली तरी कळायची नाही, आणि कमरेला वेगळा रुमाल खोचलेला. माझं सगळं लक्ष त्या रुमालाकडे, आणि हात गेला पदराकडे!

पुढचं काय सांगू? डोळ्यांतून नुसत्या धारा. मागच्या बाकावरून एक मुलगी ओरडली, "बाई रडी ऱ्हायनी!"

दातारबाई धावत आल्या आणि तो रुमाल भिजवून माझ्या डोळ्यांवर ठेवला. त्याचा तर मला आणखीनच राग आला.

* * *

मग मी नायलॉन काढलं. सुरतेहून आणलेलं, गुलाबी, तेव्हाची अगदी लेटेस्ट फॅशन! एप्रिल महिना, सकाळची शाळा, वर्गाला पंखा नाही. मी उष्णतेचं वहन शिकवत होते आणि साडी पाठीला चिकटून बसली होती. घाम टिपटिप पुस्तकावर.

एक मुलगी उभी राहिली. "बाई, नायलॉनमधून उष्णता बाहेर जात नाही का?"

"खाली बस!" म्हटलं. शेजारच्या वर्गात बदामी साडीतल्या दातारबाई कविता शिकवत होत्या. जशा काही महाबळेश्वरला उभ्या आहेत!

* * *

हे सगळं एक वेळ गिळलं असतं. पण आमचे हे! लग्नाला आठ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत माझ्या साडीबद्दल यांच्या तोंडून एकच वाक्य निघालेलं: "दोरीवरून काढ, पाऊस आला." छान दिसतेस, एवढे दोन शब्द ऐकायला मी कपाट भरत होते. दुसरं कशासाठी?

आणि एकदा मला न्यायला शाळेत आले. जेवताना म्हणतात, "त्या नव्या बाई नीटनेटक्या राहतात, नाही?"

त्या दिवशी मी यांना भाजी वाढलीच नाही.

* * *

आता शेवटचा. ब्राह्मणपुरीच्या एका गुजर पाटलांची मुलगी आमची विद्यार्थिनी. तिच्या लग्नाला सगळ्या स्टाफला बोलावणं, तेही जोडीने. आदल्या संध्याकाळी दारात कोण? दातारबाई! मान खाली घालून म्हणाल्या, "कमलताई, माझ्या चारांत लग्नाची साडी बसत नाही हो. तुमची एखादी द्याल?"

देवा, काय आनंद झाला मला! कपाट सताड उघडलं. ठेवणीतला अंजिरी शालू काढला. तो घेताना हे स्वतः दुकानात माझ्या शेजारी बसले होते, जांभया देत. यांच्याच धाकट्या भावाच्या लग्नात मी तो नेसले होते. म्हटलं, उद्या सगळ्या विचारतील, शालू कुणाचा? आणि बाईंना माझं नाव सांगावं लागेल!

दुसऱ्या दिवशी मांडवात आम्ही दोघं जेवायला बसलो. समोरच्या पंगतीत अंजिरी शालू नेसून दातारबाई. यांचा घास हातातच राहिला. किती वेळ बघत होते. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "शालू असा असावा! तुझं कपाट लागत नाही, पण असला एक तरी आहे का त्यात?"

मी यांच्या पानात आणखी एक जिलबी वाढायला सांगितली आणि म्हटलं, "विचारते हं त्यांना, कुठून आणला ते."