पिकअप डावीकडे ओढते

तुम्ही दोघं राहता तिथे पिकअप म्हणजे घरासमोर चकचकीत उभी असणारी गाडी. आमची तशी नाही. फैजपूरजवळच्या शेतातून केळीचे घड भरायचे आणि सावद्याच्या व्यापाऱ्याकडे पोचवायचे, एवढंच तिचं काम. मागे केळीची सुकी पानं अंथरलेली असतात आणि कितीही धुतली तरी केळीच्या चिकाचे काळे डाग जात नाहीत. तुमचे आजोबा ती स्वतः चालवत.

हिवाळ्यात त्यांना मेंदूचा छोटा झटका येऊन गेला, हे तुम्हांला माहीत आहे. हातपाय लवकरच पूर्वीसारखे झाले. बोलणं तर कधी अडलंच नाही. डॉक्टरांनी शेतात जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. गाडीचं आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही काही म्हटलं नाही. मग संक्रांतीनंतर पिकअपचा डावा आरसा आमच्याच फाटकाला लागून तुटला. पुढे एकदा भरलेली गाडी डाव्या बाजूने रस्त्याखाली उतरली. बांधाला टेकली म्हणून उलटली नाही.

"गाडी डावीकडे ओढू राह्यली," आजोबा म्हणाले. "चाकांची अलाइनमेंट गेली तिची."

तुमच्या आईने व्हिडिओ कॉलवर सरळ सांगितलं, "बाबांनी आता गाडी चालवायची नाही." आजोबांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. बरीच बोलणी झाल्यावर ठरलं ते असं, की आधी गाडी तपासायची. दोष गाडीत निघाला तर दुरुस्त करून आजोबाच चालवतील. गाडीत काही निघालं नाही तर किल्ली ठेवून द्यायची. तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कोणाच्याच बाजूची नाही असं बापलेकींना वाटलं. मला दोष गाडीतच हवा होता.

गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी कपाटातून काढलं. आजोबा बघत होते.

"मॅडम गाडीचा पेपर तपासणार. बिचारीला नापास करू नका."

"नापास झाली तर तुमचंच भलं आहे," मी म्हटलं.

सगळ्यात आधी चारही टायरांत सारखी हवा भरून घेतली, कारण एका बाजूची हवा कमी असली तरी गाडी तिकडे ओढते. मग पुढच्या टायरांवरून तळहात फिरवला. बाहेरच्या कडा आतल्यापेक्षा जास्त झिजल्या होत्या आणि एका दिशेने हात नेला की करवतीसारखं बोटांना लागत होतं. हे चांगलं लक्षण होतं, म्हणजे आमच्यासाठी चांगलं. राहिला रस्ता. आपल्याकडचे रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मधे उंच आणि कडेला उतरते असतात. त्यावर कोणतीही गाडी थोडी डावीकडे जातेच. म्हणून मी रिकामी पिकअप बाजार समितीच्या सपाट काँक्रीटच्या आवारात नेली. तरुणपणी जीप चालवली होती, ती सवय कामी आली. सरळ जाताना स्टेअरिंग तिरपं राहत होतं. हाताची पकड सैल केली तर गाडी हळूहळू डावीकडे वळत होती. दोनदा केलं, उलट दिशेनेही केलं. दर वेळी डावीकडेच.

"आता पटलं?" आजोबा शेजारून म्हणाले.

"पटलं."

जळगावला अलाइनमेंटच्या दुकानात आम्ही सकाळीच गेलो. जाताना मीच चालवली. दुकानदाराने गाडी रॅम्पवर चढवली, चाकांना मापाच्या पाट्या लावल्या आणि स्क्रीनवर बघून म्हणाला, "आबा, पुढची चाकं एकमेकांकडे बघू राह्यलीत. कुठे आपटली का?"

"बांधाला टेकली होती," आजोबा म्हणाले.

"आधी ओढायला लागली की आधी टेकली?"

"आधी ओढायला लागली."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं. त्याने खाली शिरून चाकांना धरून ठेवणारा टाय रॉड सैल केला, चाकं जागेवर आणली, मग गाडी रस्त्यावर नेऊन आम्हांला दाखवली. दोन्ही हात सोडले तरी गाडी सरळ जात होती. "घ्या आबा. आता झोप लागली तरी सरळ जाईल."

"झोपायला घर आहे माझं," आजोबा म्हणाले. दोघेही हसले. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती.

परत येताना आजोबांनी चालवली. भुसावळकडचा चौपदरी रस्ता सपाट आहे. जरा वेळाने डावी चाकं पांढऱ्या पट्टीवर आली.

"अहो, डावीकडे जाते आहे."

"रस्त्याला उतार आहे."

उतार नव्हता. पुढे डाव्या कडेला कापसाने भरलेली ट्रॉली उभी होती, घराएवढी. मी वाट पाहिली. मग हात घालून स्टेअरिंग फिरवलं.

"काय करू राह्यली तू?"

"ट्रॉली होती."

"कुठे होती?"

मी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. त्यांनी घेतली आणि उतरून पलीकडून येऊन बसले. भुसावळ गेलं, तापी गेली. मला भीती वाटायला हवी होती. मी गिअर बदलत होते.

घरी आल्यावर ताटं वाढली. आपल्याकडे ताट कसं वाढतात ते तुम्हांला आईने शिकवलं असेल. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी आणि आमटी उजवीकडे. आजाराच्या दिवसांपासून ते चटणी-मीठ ताटात तसंच टाकत होते. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं, म्हणून मला वाटे की एकदाचं कोणाचं तरी ऐकतात.

भरीत संपवून ते म्हणाले, "आज चटणी नाही केली?"

चटणी ताटात होती. मी ताट त्यांच्यापुढे अर्धं फिरवलं.

"ही काय. आधी का नाही वाढली?"

"आधीपासून होती."

ते ताटाकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच ताट परत पहिल्यासारखं फिरवलं, थोडा वेळ पाहिलं आणि पुन्हा उलट फिरवलं. मी भाकरी वाढली. त्यांनी ती खाल्ली. हात धुतल्यावर खिशातली किल्ली काढून खुंटीला लावली.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. डोळे चांगले आहेत, मेंदू डाव्या बाजूची दखल घेत नाही. सुधारेल, किती ते सांगता येत नाही.

आता पारोळ्याकडचा एक ड्रायव्हर ठेवला आहे. पहिल्या फेरीहून तो आला तेव्हा आजोबा फाटकापाशी थांबले होते.

"डावीकडे ओढते का रे?"

"नही आबा, गाडी बठ्ठी सरळ शे." अगदी सरळ आहे, असं तो त्याच्या अहिराणीत म्हणाला.

"बरं."

दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच विचारलं. त्यानेही तेच सांगितलं.

तुमच्या आईला मी फोन केला. अलाइनमेंट खरंच बिघडली होती, म्हटलं, करून घेतली. "मग?" ती म्हणाली. मी म्हटलं, किल्ली ड्रायव्हरकडे आहे. मी तुमच्या शाळेचं विचारलं.