दोन सारखे कर्ण

आंजी या आमच्या गावी घराशेजारी एक खोली बांधायला घेतली, तेव्हाचा हा मिस्त्री. आखणी करताना सुतळी दातांत धरायचा, त्यामुळे बोलायचा कमीच. पायासाठी चार खुंट्या ठोकून झाल्यावर मी टेपनं दोन्ही कर्ण मोजले. सारखे आले. मी भूमितीचा मास्तर, म्हटलं, "चौकोन काटकोनी असेल तर कर्ण सारखे असतात. काटकोनी नसता, तर सारखे आलेच नसते. खोदा बिनधास्त."

त्यानं मागच्या दोन्ही खुंट्या उपटून एकेक वीत आत ठोकल्या आणि दातांतूनच म्हणाला, "आता मोजा, सर."

मागची बाजू उघड उघड आखूड झाली होती, तरी कर्ण पुन्हा सारखेच! वर्षानुवर्षं मी पोरांना विधानाच्या दोन्ही भागांत 'नाही' घालायला शिकवलं. तसं केल्यावर ते खरं राहतं का, हे तपासायला शिकवलंच नव्हतं.

त्यानं सुतळी तोंडातून काढली. "वाकडं हाय म्हणून ते मापात सापडतेच, असं नाई सर. पह्यले समोरासमोरच्या बाजू मोजा लागते."

मग खुंट्या जागेवर लावून त्यानं टेपचं शून्याचं टोक माझ्या हाती दिलं. ते एरवी त्याचे मजूर धरत. मी उकिडवा बसून ते खुंटीला धरलं.