दोष दिव्यांचा

म्हाताऱ्याला सगळे डायवर म्हणत. उभी हयात बस चालवली, पण कुठे साधा ओरखडा नाही, हे तो दिवसातून एकदा तरी ऐकवायचाच. आणि परवा तिन्हीसांजेला याच डायवरने स्वतःच्या गाडीने स्वतःच्याच फाटकाचा खांब पाडला. आता बोला.

"दिवे पिवळे पडलेत," तो म्हणाला. "उजेडच पडत नाही, तर खांब दिसणार कसा?"

"नाचता येईना अंगण वाकडं," सून भांडी विसळता विसळता म्हणाली, त्याला चांगलं ऐकू जाईल अशा आवाजात.

झालं, घरात जुंपली. मुलगा म्हणाला, बाबा, किल्ली द्या. डायवर म्हणाला, मी मेल्यावर घे. बायको गेल्यापासून त्याची स्वतःची म्हणावी अशी ती गाडीच उरली होती. ती गेली की कोपऱ्यापर्यंत जायलासुद्धा सुनेची मिनतवारी करावी लागणार, आणि ते त्याला मरणाहून वाईट वाटत होतं. शेवटी ठरलं ते असं: रविवारी दिवे साफ करायचे, अंधार पडला की मुलाला शेजारी बसवून चक्कर मारायची. दिसलं नाही तर किल्ली मुलाची.

रविवारी सकाळीच तो बादली घेऊन गाडीपुढे बसला. रंगाला धक्का नको म्हणून दिव्यांच्या कडेने कागदी पट्टी चिकटवली. मग पॉलिश पेपर भिजवून घासायला लागला, आधी खरखरीत, मग बारीक. पिवळं पाणी ओघळलं आणि काच दुधासारखी पांढरी झाली. सून कपडे वाळत घालायला आली होती, ती बघून हसली.

"होती नव्हती तीही घालवलीत."

"घासताना पांढरीच होते. पेस्ट लावली की उघडते. तुझी अक्कल तुझ्यापाशी ठेव."

"मी काय बोलणार बाई, खांब मीच पाडला ना."

त्याने दात ओठ खाल्ले आणि फडक्यावर पेस्ट घेऊन गोल गोल चोळायला लागला. पुसून बघितलं, तर धुरकट. पुन्हा चोळलं, पुन्हा धुरकट. दुकानदाराने भेसळीची पेस्ट गळ्यात मारली म्हणून त्याचा उद्धार झाला. फडकं बदललं, चष्मा पुसला, परत पहिल्यापासून पेपर मारला. जेवायची हाक आली तरी उठला नाही. दंड भरून आले.

ऊन कललं तेव्हा सून चहा घेऊन आली. कप खाली ठेवता ठेवता तिचं दिव्याकडे लक्ष गेलं.

"बाबा, झालं की हो. अजून किती घासाल?"

"डोळे फुटले का तुझे? सगळं धुरकट आहे."

"नाही हो. आतला बल्बसुद्धा दिसतोय."

"तू आणि तुझा नवरा, एका माळेचे मणी. काम अर्धवट सोडायला लावायचं आणि रात्री किल्ली घ्यायची. कळत नाही मला?"

शेजारचा टेलर ओट्यावर उभा राहून हे भांडण चवीने ऐकत होता. त्याचा आणि डायवरचा छत्तीसचा आकडा. गाडी कोणाच्या भिंतीला लावायची यावरून दोघांचं फाटलं ते फाटलंच. डायवरचं काही बिघडलं की टेलरला दोन घास जास्त जात. खांब पडला तेव्हा तर तो खुर्ची टाकून बसला होता.

"ए टेलर," डायवरने हाक मारली. "ये इकडे. सांग हिला, अजून किती घाण आहे ती."

खोड काढायला आमंत्रण मिळालं, मग काय, टेलर लगबगीने आला. वाकून एक दिवा बघितला, मग दुसरा. त्याचं तोंड आंबट झालं.

"नवीन बसवलेस?"

"खोटं बोलू नकोस."

"तुझ्यासाठी मी कशाला खोटं बोलू? लख्ख झालीय काच. जन्मात पहिल्यांदा काहीतरी धड केलंस." आणि तो पाय आपटत निघून गेला.

डायवर बसूनच राहिला. सून खोटं बोलली असती, पोटचा मुलगाही बोलला असता. हा माणूस त्याच्याबद्दल खोटं चांगलं बोलणं शक्यच नव्हतं. त्याने काचेवर बोट फिरवलं, ती गुळगुळीत लागली. धुकं मात्र होतं तिथेच होतं, काचेवर होतं तसंच बादलीवर, आणि सुनेच्या तोंडावरही.

"मला सांगायला हाच मेला मिळाला," तो पुटपुटला.

अंधार पडायला अजून वेळ होता. त्याने खिशातून किल्ली काढली आणि फेकल्यासारखी सुनेच्या हातात दिली.

"नवऱ्याला दे. चक्कर मारायची गरज नाही म्हणावं."

एरवी सुनेच्या जिभेवर टोमणा तयारच असायचा. आत्ता ती किल्ली मुठीत धरून त्याचा गार झालेला चहा पुन्हा गरम करायला घेऊन गेली.