कोरडा टॉवेल

पुणतांब्याच्या स्टँडबाहेर एक मावशी गोदावरीतले मासे विकायची. ओले हात लुगड्यालाच पुसायची. शेजारच्या पिशवीत घडी घातलेला कोरडा टॉवेल असायचा, पण त्याला हात लावायची नाही. गिऱ्हाइकं चिडवायची, "टॉवेल पूजेला ठेवलाय का?" ती म्हणायची, "तुमाला मासं पायजेत का टॉवेल?"

कॉलेजच्या एसटीची वाट बघत मी तिथे कादंबरी वाचायचे, मासेमारीच्या एका छोट्या गावातल्या भुताची. मावशी रोज विचारायची, "आज काय केलं गं तुज्या भुतानं?"

एकदा मी सांगितलं, की बुडून मेलेला मुलगा संध्याकाळी घरी येतो आणि आई घाबरून दार लावते.

विळीवरचे तिचे हात थांबले. "आईनं दार लावलं?"

"भूत आहे ना तो, मावशी."

"असंना का. माझा पन नदीत गेला, गावला न्हाई. आला तर भिजलेलाच येईल की," म्हणत तिने पिशवी जवळ ओढली.

इतके दिवस मी गंमत म्हणून सांगत होते आणि ती आई म्हणून ऐकत होती. एसटी लागली तरी मला उठवेना.

"जा," ती म्हणाली. "अन् फुडं वाच. ती दार उघडती का, उद्या सांग."