इंजिनाचा घनपाठ

नागपूरला पुतण्याची तार आली, "दादा गेले. शांतपणे." त्याला आता सहा आठवडे होतील. गजूदादा, माझा सख्खा थोरला भाऊ. तार हातात घेऊन बसले तरी डोळ्यांसमोर आली ती गेल्या दिवाळीतली भेट. पंचगंगा घाटाच्या त्या उभ्या पायऱ्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो माझ्या पुढे चढत होता. मी मध्येच धापा टाकत बसले, तर वर उभा राहून म्हणाला, "थंड इंजिन आहे तुझं, माई. दमाने येऊ दे." आणि मोठ्यांदा हसला...

इंजिन हा शब्द आमच्या घरात त्याने आणला. काशीत ब्रह्मा घाटावर आमचं घर वैदिकांचं. वडील अण्णा घनपाठी, म्हणजे एकेका मंत्राचे शब्द उलटसुलट फिरवून म्हणणारे. दादालाही त्यांनी तसंच तयार केलं होतं. पण तो इंग्रजी शाळेतही गेला होता, आणि इंग्रजांच्या त्या राज्यात इंग्रजी वर्तमानपत्रातली एक जाहिरात त्याच्या नजरेस पडली. शेतावर पाणी उपसणारी ऑइल इंजिनं विकायला कलकत्त्याच्या एका कंपनीला माणूस हवा होता. एकेक इंजिन म्हणजे मोठ्या जमीनदारानेच घ्यावं अशी चीज. कंपनीचा साहेब छावणीतल्या हॉटेलात उतरला होता. त्याने विचारलं, "यंत्रातलं काय कळतं?" दादा म्हणाला, "काहीच नाही. पण तुमचं पुस्तक द्या आणि परवा विचारा."

ते दोन दिवस आमच्या माडीवर अजब पाठ चालला होता. "पिस्टन-सिलिंडर, सिलिंडर-पिस्टन, पिस्टन-सिलिंडर-व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह-सिलिंडर-पिस्टन..." अण्णा संध्या आटोपून जिन्यात थबकले. "गजानना, कुठलं सूक्त हे?"

"इंजिनाचं, अण्णा."

अण्णा हसले नाहीत. "वेद विकायला निघालास?"

"वेद नाही अण्णा. पाठांतराची सवय तेवढी."

त्या दिवसापासून अण्णांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. मी तेव्हा बारा वर्षांची. "माई, तुझ्या भावाला सांग, पान वाढलंय," असं ते त्याच्या देखतच मला सांगायचे, आणि दादा तितक्याच गंभीरपणे, "माई, तुझ्या वडिलांना सांग, आलोच," म्हणायचा. मला हसू आवरत नसे. आई मात्र पदराने डोळे पुसायची.

साहेबाने पुस्तकातलं कुठलंही पान उघडून विचारावं आणि दादाने धडाधड म्हणून दाखवावं, अशी ती परीक्षा झाली. तीन महिन्यांच्या बोलीवर काम मिळालं. पगार नाहीच, विकलं तर कमिशन. दादा घोड्याच्या एक्क्यातून गावोगाव हिंडला. जमीनदार पान द्यायचे, इंजिनाची चित्रं बघायचे आणि "सोचेंगे" म्हणायचे. दोन महिने गेले, एकही इंजिन विकलं गेलं नाही. तेवढ्यात जौनपूरच्या वाटेवरच्या एका गावातून ठकुराइनीचा निरोप आला. विधवा जमीनदारीण, शंभर माणसांवर हुकमत. शेजारच्या जमीनदारापेक्षा मोठं, कंपनीकडे असेल ते सगळ्यांत मोठं इंजिन त्यांना हवं होतं. दादाने फक्त सहीचा कागद पुढे करायचा होता.

त्याने कागद पुढे केला नाही. दोराला दगड बांधून विहिरीचं पाणी मोजलं. सकाळभर दोन मोटा चालवायला लावल्या, पाणी किती उतरलं ते पाहिलं, संध्याकाळपर्यंत किती भरलं ते पाहिलं. मग पडद्याआड बसलेल्या ठकुराइनीला म्हणाला, "बडा इंजन मत लीजिए. कुआँ घंटेभर में सूख जाएगा. छोटा काफी है."

आतून आवाज आला, "पंडितजी, बेचने आए हो कि मना करने?"

"बेचने ही आया हूँ. पर कल आप मुझे गाली दें, वो नहीं चाहिए."

दादा पुढे सांगायचा, "माई, उत्तर येईपर्यंत मी शाळामास्तर होऊन, लग्न करून, म्हातारासुद्धा झालो." मग आतून एवढंच आलं, "छोटा भेज दो."

साहेबाचं रागाचं पत्र आलं. इकडे गंमत अशी की इंजिनाच्या पूजेसाठी ठकुराइनीने बैलगाडी पाठवली ती अण्णांनाच न्यायला! यजमानाला नाही कसं म्हणणार? अण्णा निघाले, हट्टाने मीही. अण्णांनी जलदेवतेचे मंत्र सुरू केले आणि दादाने चाक फिरवलं. धडधड धडधड... मंत्र ऐकू येईनात. अण्णांनी आवाज चढवला. इंजिनापुढे हार मानतील ते घनपाठी कसले! तेवढ्यात नळातून मनगटाएवढी जाड धार उसळली, आणि गावच्या बायका पदर सावरत, ओरडत मागे पळाल्या. अण्णा पुढे झाले. गंगेखेरीज कुठल्या पाण्याला तोंड न लावणारा तो माणूस, त्याने ओंजळ धरली, प्यायला, आणि तीन महिन्यांनी मुलाकडे बघून बोलला, "गोड आहे रे पाणी."

दादा वळून इंजिनाला तेल घालायला लागला. त्या इंजिनाला तेलाची काहीच गरज नव्हती.

पुढे ठकुराइनीच्या सगळ्या नात्यागोत्यात "सच बोलनेवाले पंडितजी" हीच त्याची ओळख झाली. बनारस, जौनपूर, गाजीपूर हा सगळा मुलूख कंपनीने त्याच्यावर सोपवला. त्याने मोटार घेतली. आमच्या गल्लीत ती शिरेना म्हणून मैदागिनच्या चौकात उभी असायची, आणि मालक धोतर सावरत पायी घरी यायचे. माझं लग्न त्यानेच थाटात लावलं.

तेराव्यानंतर मी काशीत असतानाच एक म्हातारा शेतकरी आला. दादा गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. गमछ्यात पंपाचा एक झिजलेला तुकडा बांधून आणलेला, पंडितजींना दाखवायला. आम्ही सांगितल्यावर दादाच्या रिकाम्या बैठकीकडे बघत तो जमिनीवरच टेकला. "अब किससे पूछें?" म्हणाला. वहिनींनी त्याच्यापुढे पाणी ठेवलं. तुकडा उचलून खिडकीतल्या उजेडाकडे धरला, अंगठा फिरवला, आणि चष्मा नाकावर ढकलत म्हणाल्या, "वॉशर घिस गया है. दूसरा डालो. पर पहले ये बताओ, कुएँ में पानी कितना है?"