शकीलभाईची हालती गुफा

...तर दांडा तसाच शकीलभाईच्या हातात राहिला आणि खोली आतल्या सोळा माणसांसकट डाव्या अंगाला कलली, इथवर कालची गोष्ट आली होती. पुढचं ऐका. कुणाचं डोकं फुटलं असेल या धास्तीने शकीलभाई धावत दाराशी गेला. दार उघडतो तर काय, खिडकीच्या सीटवर प्रकाशा गावाकडची गजराबाई पदर खोचून बसलेली आणि तिला हसू आवरेना. म्हणाली, "भाऊ, आसं तं कधीच नही व्हयनं! परत करा ना!"

त्याला बारा वर्षं झाली. त्या दिवशी शकीलभाईचा उजवा खांदा निखळला तो निखळलाच. पण सारंगखेड्याच्या जत्रेतले लोक खांदा लक्षात ठेवत नाहीत, ते हिसका लक्षात ठेवतात. पुढच्या वर्षी लोक आले ते हेच विचारत, "तो मागला हिसका आजून शे ना?"

आता ही हालती गुफा म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. शकील शहाद्याचा. आजोबा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे, वडिलांनी वेल्डिंग धरलं, त्याच दुकानात हा वाढला. एका जत्रेत त्याने मुंबईकडून आलेली हालणारी सिनेमाखोली पाहिली. आत बसायचं, समोर सिनेमा, आणि सिनेमातली गाडी वळली की खोलीही वळते. घरी येऊन म्हणाला, "एवढंच ना?" भंगारातल्या बसचा अर्धा सांगाडा आणला, तिच्याच सोळा सीटा बसवल्या, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याला ऊस वाहून दमलेल्या ट्रकचे स्प्रिंगचे पाटे खाली लावले. मोटार काही मिळाली नाही. मग मोटार कोण? शकील. खोलीच्या पोटातून पुरुषभर लांब नळीचा दांडा बाहेर काढला. दाबला की खोलीचं नाक वर, उचलला की खाली, ओढला की आडवं. आत पडद्यावर कोळशाच्या खाणीतून ट्रॉली धावायची, बाहेर शकील बारक्या काचेतून पडदा बघत दांडा हाणायचा. पाच मिनिटांचा खेळ. दिवसाला चाळीस. अशी सव्वीस वर्षं.

पुढे पुढे काचेतून बघायचीही गरज उरली नाही. नुसत्या आवाजावर कळायचं, आता उतार, आता बोगदा. झोपेतही त्याचा हात हलतो म्हणून बायको सलीमा वेगळ्या खाटेवर झोपायला लागली. उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली आला. डॉक्टर म्हणाले, "चाचा, हा हात आता फक्त ताटाकडे न्यायचा." शकीलभाईने मान हलवली आणि दोन महिन्यांनी जत्रेचा तंबू बांधायला घेतला.

शेवटी लेकीने, अर्शियाने, मनावर घेतलं. ती नंदुरबारला संगणक शिकवते. वर्षभर खपून तिने चार मोटारी बसवल्या, सिनेमाबरोबर आपोआप हालणाऱ्या. सिनेमाही नवा आणला, तोही आपलाच. भीमसिंगच्या जीपच्या टपावर कॅमेरा बांधून तिने तोरणमाळचा घाट वर चढताना आणि खाली उतरताना टिपला. दांडा काढून खोलीमागे आडवा टाकला आणि बापाला बजावलं, "अब्बा, ये जत्रा में लोगों को पसंद आया तो ये दांडा सीधा भंगार में. अब हाथ मत लगाना."

दांड्याकडे शकीलभाईने असं पाहिलं, जसं माणूस दुसऱ्याच्या डोक्यावरच्या ओझ्याकडे पाहतो. सव्वीस वर्षांत एकच मागणं मनात होतं, एक जत्रा नुसतं बसून काढायची. ते आता लोकांच्या पसंतीवर येऊन टेकलं होतं.

पहिला खेळ नेहमीप्रमाणे गजराबाईचा. तिसरी ओळ, खिडकीची जागा, शेजारी सून चेतना. मागे चुडामणअण्णा, कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी गेल्या वीस वर्षांत एक जत्रा चुकवली नव्हती आणि एका गोष्टीला बरं म्हटलं नव्हतं. बाहेर शकीलभाई प्लास्टिकच्या खुर्चीवर. हात मांडीवर. मोटारी गुरगुरल्या.

आतून आरोळी आली, "आरे, हाऊ तं आपला घाट!" मग टाळ्या. पहिलं वळण, किंकाळ्या. दुसरं वळण, हशा. शकीलभाईने खुर्चीला पाठ टेकली. तेवढ्यात तिसऱ्या वळणावर धाडधाड असा आवाज झाला, जणू कुणी भोपळ्यांचं पोतं ओतलं. दार उघडलं तर कोणी कपाळ चोळतोय, कोणी कोपर. गजराबाईच्या कपाळावर टेंगूळ.

"शकीलभाऊ, तुमनी मशीनले डोकं नही शे!" गजराबाई म्हणाली.

"मशीनले शे, आमले नही ऱ्हायनं आते," चुडामणअण्णा म्हणाले. "जुनी ट्रॉली काय वाईट होती? माणूस हालवायचा, माणसाला कळायचं. लावा दांडा!"

एक बोलला की दहा बोलतात. दुपारपर्यंत घोडेबाजारापर्यंत बातमी गेली, गुफा बिघडली. दुसरा खेळ, तिसरा खेळ, दर खेळाला त्याच वळणावर तोच धडाका. चौथ्याला रांगेतली माणसं तिकीट घ्यायच्या आधी विचारू लागली, "दांड्यावर शे का मोटारवर?"

शकीलभाई उठला. खोलीमागे गेला, डाव्या हाताने दांडा उचलला, उजवा नुसता आधाराला लावला. अर्शिया आडवी आली. "अब्बा, नहीं."

"लोग आये हैं बेटा," तो म्हणाला. एवढंच.

जुनी ट्रॉली पुन्हा लागली. लोक खूश. चुडामणअण्णांनी लागोपाठ दोनदा तिकीट काढलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "पूर्वीचा जोर नाही राहिला शकीलमध्ये." शकीलभाईने ते ऐकलं. त्या दिवशी तेवीस खेळ केले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा. बाराव्याच्या आधी चहाचा कप उजव्या हाताने उचलेना, तेव्हा तो वाकून, कपालाच तोंड लावून चहा प्याला. अर्शियाने ते पाहिलं.

ती पोरगी बापासारखीच हट्टी. बाराव्या खेळाला तिने पुन्हा मोटारी लावल्या, फुकट बसा म्हणून माणसं बोलावली, स्वतः आत गेली आणि पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. सिनेमा बघायचाच नव्हता, माणसं बघायची होती. पहिलं वळण, सगळ्यांनी पुढच्या सीटच्या पाठीवरचा धरायचा दांडुका घट्ट धरलेला. दुसरं वळण, धरलेला. तिसरं वळण आलं आणि सोळाच्या सोळा माणसांनी दांडुका सोडून हात जोडले. त्याच क्षणी मोटारींनी सगळ्यात मोठा हिसका दिला. तो हिसका तिनेच तिथे भरला होता, वळण मोठं म्हणून.

बाहेर येऊन तिने भीमसिंगला फोन लावला. "भीमसिंगभाऊ, सिनेमात तिसऱ्या वळणावर जीप सरळ पुढे जाते आणि लोक हात जोडतात. तिथे आहे काय?"

"देव आहे ना. शेंदराचा दगड." भीमसिंग हसला. "तिथं जीप थांबते. सगळे हात जोडतात, कुणी गूळ ठेवतं, मग गाडी पुढे जाते. न थांबता कोणी घाट उतरतं का? त्या दिवशी मी तर थांबलो होतो, ताई. तुम्ही शेजारीच बसला होता. ते थांबणं गेलं कुठे?"

ते थांबणं अर्शियाने कापून टाकलं होतं. उभी जीप, समोर दगड, एक झाड, पान हालत नाही. असलं बघायला तिकीट कोण काढेल, असं तिला वाटलं होतं. शकीलभाई शेजारी उभा होता. लेकीचा चेहरा उतरलेला पाहून म्हणाला, "उधर सब रुकते हैं, मालूम तो मुझे भी था. पर मैंने कभी बैठ के देखाच नहीं."

खरी गोष्ट. सव्वीस वर्षं गुफा चालवली, पण आत कधी बसला नाही. तो बसला असता तर खोली हालवली कुणी असती?

संध्याकाळच्या आत अर्शियाने कापलेला तुकडा जागेवर जोडला. पहिल्या खेळाला गजराबाईला हाताला धरून बसवावं लागलं, कपाळावर हळद होती. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्यावर मोटारी निजल्या. खोली उभी. पडद्यावर दगड, झाड. सोळा माणसांनी हात जोडले. गजराबाईने कनवटीतून गुळाचा खडा काढला, आता ठेवायचा कुठे ते कळेना, म्हणून सुनेच्या हातावर ठेवला. मग जीप हलली, खोली हलली, आणि उतारावर अशी किंकाळी उठली की बाजारातले घोडे खिंकाळले.

चुडामणअण्णा खाली उतरले, टोपी झटकली, बराच विचार केला. "वाईट नाही," म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं पूर्वी कोणी ऐकलं नव्हतं.

दांडा भंगारात जाणार हे त्याच क्षणी ठरलं. आणि शकीलभाई? तो खोलीमागे, दांडा जिथे असायचा तिथेच उभा होता. हात कुठे ठेवावेत ते सुचत नव्हतं. गजराबाई मागे वळून आली.

"भाऊ, तुम्ही कधी बसनात का याम्हा?"

"मी? मी तं हालाडस."

"आते मशीन हालाडी ऱ्हायनी. चला."

तिने त्याला आपल्या जागेवर, तिसऱ्या ओळीत खिडकीशी बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. दार लागलं. पहिल्या वळणाला शकीलभाईचा हात आपसूक दाबल्यासारखा खाली गेला. दुसऱ्यालाही गेला. तिसऱ्या वळणावर जीप थांबली. सगळ्यांचे हात जोडलेले, शकीलभाईचे मात्र मांडीवर उताणे पडलेले. गजराबाईने बघितलं, त्याचे डोळे मिटलेले होते, आणि तो मोठा, खाली ओघळलेला खांदा पहिल्यांदाच स्वस्थ होता. मग जीप सुटली, उतार आला, माणसं ओरडली, आणि तो दचकून जागा झाला.

खाली उतरल्यावर चुडामणअण्णांनी अडवलं. "काय मालक, आम्हाला विचारता, आता तुम्ही सांगा. कशी वाटली?"

अर्शिया बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. शकीलभाईने चष्मा पुसला, खांदा चाचपला आणि म्हणाला, "बाकी ठीक शे, अण्णा. पन ती थांबस ना, ती जागा माले आवडनी. तठे आजून जराखं थांबू द्या."