घंगाळातली वाटी

“हाच ना तो गुरुजी? मागच्या साली मुहूर्त गेल्यावर उगवला होता. याले काहून बोलावलं?”

अकोल्याच्या मंगल कार्यालयात नवरीचे काका आचाऱ्याला विचारत होते. मी मागेच अक्षता कालवत होते. त्या गुरुजींची मी धाकटी बहीण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. अनोळखी माणसांशी बोलताना माझे शब्द अडतात, म्हणून मी बहुधा गप्पच असते.

मागच्या वर्षी यांच्याच घरच्या लग्नात दादाला उशीर झाला होता, हे खरंच. बाबांचे गुडघे गेल्यापासून अमरावतीहून लग्नं लावायला तोच जातो. आज पुन्हा चुकला असता, तर हे यजमान कायमचे तुटले असते.

दादाला एडीएचडी आहे. डॉक्टरांचं इंग्रजी घरी मीच समजावून सांगितलं. त्याला वेळ आतून जाणवत नाही. ‘अजून अर्धा तास आहे’ म्हटलं की तो अर्धा तास त्याला न संपणारा वाटतो. पंचांग उघडलं की दुपार कुठे गेली कळत नाही. मोबाइलचा गजर तो बंद करतो आणि विसरतो.

उपाय त्याचा त्यानेच शोधला. मुहूर्ताची जुनी तांब्याची वाटी, बुडाला बारीक छिद्र असलेली. पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि घटकेने, म्हणजे चोवीस मिनिटांनी, बुडते. ती त्याने रोजच्या वापरात आणली. आई म्हणाली, “आता अंघोळीचाही मुहूर्त काढून राहिला का रे?” तो हसला. पण त्या वाटीत त्याला वेळ जाताना दिसतो. ती बुडाली की तो हातातलं टाकून उठतो. मला हे फार मोठं वाटतं. आम्हाला जे फुकट मिळालं, ते तो रोज नव्याने कमावतो.

आज आम्ही पोचलो तेव्हा खुर्च्याही मांडून व्हायच्या होत्या.

आता मांडवातल्या घंगाळात सोडलेली वाटी काठापर्यंत भरत आली होती; ती बुडाली की मुहूर्त. नवरी तयार होती. दादा अंतरपाट घेऊन उभा होता. वरात मात्र फाटकाशीच नाचत होती आणि तिला घ्यायला गेलेले काका मधोमध. दादाने निरोप पाठवला, तर उत्तर आलं, दहा मिनिटांनी काय होते?

मुहूर्त टळला असता तर नाव दादाचंच खराब झालं असतं. मी ताट खाली ठेवलं, बँडवाल्यांमधून वाट काढत काकांपर्यंत गेले.

“काका, माझा दादा वेळेवर आलाय. आता तुम्ही या.”